विडी-सिगारेट ओढणाऱ्या पेशंटची स्पायरोमेट्री: आपल्याच दवाखान्यात, नीट कशी करावी

वागळे इस्टेटमधला फिटर, एपीएमसीच्या मसाला मार्केटमधला माथाडी, घोडबंदर रोडवर दिवसभर रिक्षा चालवणारा. तिघंही फॅमिली डॉक्टरकडे वर्षातून दोन-तीनदा 'छातीत कफ झालाय' म्हणून येतात, पाच दिवसांच्या गोळ्या घेतात आणि जातात. खोकल्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'सिगारेटचा आहे हो, असायचाच.' या माणसाची छाती स्टेथोस्कोपला स्वच्छ लागू शकते, एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो आणि तरीही त्याच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या असू शकतात. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं, निदान करायचं तर स्पायरोमेट्रीला, म्हणजे जोरात फुंकलेली हवा मोजणाऱ्या चाचणीला, पर्याय नाही. ही चाचणी मोठ्या हॉस्पिटलातच व्हावी असंही काही नाही. ठाण्यातल्या दहा बाय बाराच्या दवाखान्यातही ती उत्तम होते, पण नीट केली तरच. अर्धवट फुंकून घेतलेला रिपोर्ट पेशंटच्या हातात 'नॉर्मल'चा दाखला देतो आणि पुढची पाच वर्षं तो निर्धास्तपणे ओढत राहतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग फुंकर कशी घ्यायची आणि ती कुठे बिघडते यावर आहे.

कोणाची करायची

ओढणाऱ्या प्रत्येकाला मशीनवर बसवायची गरज नाही. काहीच त्रास नसलेल्या लोकांमध्ये सीओपीडीची सरसकट तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कार्यदलाने २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये तेच कायम ठेवलं. चाचणी हवी ती चाळिशीच्या आसपास पोचलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या आणि पुढच्यापैकी एक तरी लक्षण असलेल्या माणसाची: रोजचा खोकला, सकाळी बेडका, छातीत शिट्टी वाजणं, दम लागणं, वरचेवर होणारा ब्रॉन्कायटिस. ब्रिटनमध्ये ही वयाची रेघ ३५ वर आहे. विडी कोवळ्या वयात सुरू झालेली असेल तर आपल्याकडेही ३५ च धरावी.

'दम लागतो का?' असं थेट विचारलं की बहुतेक पुरुष 'नाही' म्हणतात, कारण दम लागेल अशी कामं त्यांनी हळूहळू सोडून दिलेली असतात. प्रश्न बदला. 'ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागतं का? बरोबरीचे लोक पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता का? लिफ्ट बंद असली की घरी कसे जाता?' सपाट रस्त्यावर समवयस्कांच्या मागे पडणं ही धाप मोजायच्या प्रचलित पट्टीवरची दुसरी पायरी आहे. ती एवढ्याशा प्रश्नातून कळते.

किती ओढतात हे नीट लिहा. सिगारेटचं गणित सोपं आहे: रोजच्या सिगारेटींना २० ने भागा आणि वर्षांनी गुणा, म्हणजे पॅक-वर्षं मिळतात. विडीला हे माप बसत नाही. विडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून झुरके जोरात आणि जास्त वेळा घ्यावे लागतात. त्यामुळे आत जाणारं निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं. म्हणून विडीचा हिशोब वेगळा ठेवा. रोज १५ विड्या, २८ वर्षं, म्हणजे निर्देशांक ४२०. 'रोज किती?' या प्रश्नाला उत्तर कमीच येतं. 'बंडल किती दिवस पुरतं आणि एका बंडलात किती असतात?' या प्रश्नाला बरंच खरं येतं.

मिश्री, गुटखा, मावा हेही विचारा. त्यांनी श्वासनलिका अरुंद होत नाहीत, पण पुढे सिगारेट सोडवायची वेळ आली की निकोटिनचा खरा डोस कळलेला असायला हवा. शिवाय कामाची धूळ: पारसिकच्या डोंगराकाठच्या दगडखाणी, भिवंडीचे यंत्रमाग, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने. गावी चुलीवर वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेली बाई एकही विडी न ओढता सीओपीडी घेऊन येऊ शकते, तिला यादीतून वगळू नका.

आधी थांबायचं कधी

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असेल तर आधी थुंकीची तपासणी. थुंकीतला टीबी शोधणारी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते. टीबीची शंका असताना बंद खोलीत पेशंटला जोरजोराने फुंकायला लावणं म्हणजे तुमच्या सिस्टरला आणि पुढच्या पेशंटला धोक्यात घालणं.

हार्ट अटॅकनंतर आंतरराष्ट्रीय नियम किमान एक आठवडा थांबायला सांगतात, पण जनरल प्रॅक्टिसमध्ये महिनाभर थांबावं. घाई करण्यासारखं त्यात काही नाही. मोतीबिंदूसारख्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर एक आठवडा, मेंदू, छाती किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर चार आठवडे. फुप्फुसाभोवती हवा साठलेली, महाधमनीला फुगा असलेला किंवा रक्तदाब हाताबाहेर गेलेला असेल तर चाचणी दवाखान्यात करू नका. छातीचा ताजा संसर्ग असेल तर बरं वाटल्यावर सहा आठवड्यांनी बोलवा. भर आजारात घेतलेले आकडे नेहमीच्या तब्येतीबद्दल काही सांगत नाहीत.

मशीन आणि जागा

पीक फ्लो मीटर दम्याच्या चढउतारावर लक्ष ठेवायला चांगला. सीओपीडीच्या निदानाला तो पुरत नाही, कारण श्वासनलिका बऱ्याच अरुंद झाल्या तरी पहिला फटका ठीक येऊ शकतो. मुठीत मावणारी छोटी उपकरणं पहिल्या सेकंदातल्या हवेचं सहा सेकंदांतल्या हवेशी गुणोत्तर दाखवतात. गर्दीच्या ओपीडीत कोणाला पूर्ण चाचणीला बोलवायचं हे ठरवायला ती उपयोगी आहेत, निदान लिहायला नाहीत.

पूर्ण स्पायरोमीटर घेताना एक गोष्ट सोडू नका: फुंकताना स्क्रीनवर आलेख दिसलाच पाहिजे. एक वेळेसमोर हवेचा, दुसरा हवेसमोर वेगाचा. नुसते आकडे दाखवणारं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. फुंकर चांगली होती की वाईट हे आलेखावरूनच कळतं.

रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी तीन लिटरच्या सिरिंजने तपासणी करा. हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी हवा ढकला. तिन्ही वेळा आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या मध्ये यायला हवा. तो तारखेसह वहीत लिहा. सिरिंज मशीनशेजारीच ठेवा. मशीन एसीच्या खोलीत आणि सिरिंज बाहेरच्या कपाटात असेल तर तापमानातल्या फरकाने आकडे हलतात. आठवड्यातून एकदा दवाखान्यातल्याच एखाद्या निरोगी, न ओढणाऱ्या माणसाची फुंकर घ्या. त्याचे आकडे अचानक बदलले तर बिघाड मशीनमध्ये आहे.

पंखा. ही गोष्ट इतकी साधी आहे की हमखास निसटते. बहुतेक मशीन फुंकर घेण्याआधी 'शून्य' ठरवतात. त्या क्षणी पंख्याचा किंवा एसीचा झोत सेन्सरवर पडत असेल तर मशीन वाहती हवाच शून्य धरतं आणि फुंकर संपल्यावरही आलेख वर चढत राहतो किंवा खाली घसरतो. शून्य होईपर्यंत सेन्सर स्थिर धरा, त्याचं तोंड झोतापासून दूर ठेवा. टर्बाइनचं मशीन असेल तर पात्यात केस किंवा कापसाचा धागा अडकला नाही ना हे पाहा. जाळीचा सेन्सर असेल तर पावसाळ्यात त्यावर दमटपणा धरतो. दोन पेशंटमध्ये त्याला सुकायला वेळ द्या.

प्रत्येक पेशंटला नवा बॅक्टेरियल-व्हायरल फिल्टर. हा खर्च वाचवायचा नाही. तो फीमध्ये धरा आणि पेशंटला तसं सांगा.

उंची विचारू नका, मोजा. चप्पल-बूट काढून, टाचा भिंतीला लावून. अपेक्षित आकडे उंचीवरच उभे असतात आणि पन्नाशीचे लोक विशीतली उंची सांगतात. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर घ्या. मशीनमध्ये कुठल्या लोकांची अपेक्षित मूल्यं भरलेली आहेत तेही एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा. मूळ सेटिंग पुष्कळदा गोऱ्या युरोपियन लोकांचं असतं आणि त्यावर आपल्याकडचा निरोगी माणूसही कमी टक्क्यांचा दिसतो. मशीनमध्ये भारतीय समीकरण असेल तर ते निवडा, नाहीतर २०२२ चं जीएलआय, म्हणजे सगळ्या जगासाठी एकच असलेलं समीकरण. जे निवडाल ते मध्येच बदलू नका.

आदल्या दिवशीचा निरोप

ही चाचणी संध्याकाळच्या गर्दीत उरकायची नाही. औषध देऊन पुन्हा फुंकायचं धरून पाऊण तास लागतो. दुपारची किंवा सकाळची निवांत वेळ द्या आणि आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा:

'उद्या ११ वाजता श्वासाची चाचणी आहे. यायच्या आधी निदान एक तास विडी-सिगारेट ओढू नका. रात्री दारू घेऊ नका. पोटभर जेवून येऊ नका, हलका नाश्ता चालेल. घट्ट पट्टा, घट्ट कपडे नकोत. निळा पंप चाचणीआधी सहा तास घेऊ नका, पण दम लागला तर जरूर घ्या आणि आम्हाला सांगा. बाकीचे पंप कधी बंद ठेवायचे ते फोन करून विचारा. कवळी असेल तर ती लावून या.'

बारा तास चालणारे पंप २४ तास, दिवसातून एकदाच घ्यायचे ३६ तास आणि टायोट्रोपियमसारखे ४८ तासांपर्यंत बंद ठेवावे लागतात. ज्याची तब्येत एवढं झेलणार नाही त्याचे पंप चालूच ठेवा आणि रिपोर्टवर तसं लिहा.

फुंकर

पेशंट खुर्चीत ताठ, दोन्ही पाय जमिनीवर, हनुवटी किंचित वर. खुर्ची हाताची हवी आणि चाकं नसलेली. जोरात फुंकताना घेरी येऊ शकते, स्टुलावरचा माणूस सरळ खाली येतो. नाकाला क्लिप लावा.

आधी स्वतः करून दाखवा, वेगळ्या माउथपीसवर. नुसतं तोंडी समजावलं तर लोक मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर मारतात: ओठांचा चंबू, गाल फुगलेले आणि सगळा जोर तोंडात. जोर छातीतून यायला हवा. माउथपीस दातांमध्ये, ओठ त्याभोवती घट्ट, जीभ खाली.

मग सूचना, याच क्रमाने आणि आवाजाच्या याच चढउतारात:

'श्वास आत घ्या... भरा, भरा, भरा, अजून भरा...' छाती पूर्ण भरली की क्षणाचाही उशीर न करता, 'फुंका!' हा शब्द खरोखर ओरडायचा. हळू आवाजात 'फुंका' म्हणणाऱ्या सिस्टरला हळूच फुंकर मिळते. लगेच पुढे, 'सोडत राहा, सोडत राहा, अजून आहे, अजून, थांबू नका, अजून...' स्क्रीनवरची रेघ सपाट होईपर्यंत. आणि शेवटी, 'आता जोरात आत घ्या!' शेजारच्या खोलीत आवाज जाईल म्हणून संकोच करू नका. बाहेर बसलेल्यांना आधी सांगून ठेवा. हिंदी बोलणाऱ्या पेशंटसाठी हीच वाक्यं हिंदीत पाठ असू द्या, ऐन वेळी शब्द शोधताना लय तुटते.

सूचना देताना नजर पेशंटवर आणि आलेखावर आळीपाळीने हवी, कागदावर नको. किमान तीन चांगल्या फुंकरी हव्यात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींमध्ये आणि सर्वांत मोठ्या दोन एफईव्ही-१ मध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. एफव्हीसी म्हणजे जोर लावून बाहेर काढलेली एकूण हवा, एफईव्ही-१ म्हणजे तिच्यातली पहिल्या सेकंदात निघालेली. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा, दुसऱ्या दिवशी बोलवा. दर प्रयत्नाला एफईव्ही-१ घसरत चाललाय आणि पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली आला, तर लगेच थांबा.

आता काय बिघडतं ते.

सर्वांत घातक चूक लवकर थांबण्याची. सीओपीडीच्या पेशंटची हवा शेवटी थेंबाथेंबाने निघते, दहा-बारा सेकंदही लागतात. तीन-चार सेकंदांनंतर त्याला वाटतं संपलं, सूचना देणारालाही त्याची दया येते आणि दोघं थांबतात. आकड्यांत पाहा. समजा ५४ वर्षांच्या माणसाचा एफईव्ही-१ आहे १.७२ लिटर. पूर्ण फुंकली तर एफव्हीसी २.९० येते. एफईव्ही-१ ला एफव्हीसीने भागून येणारं गुणोत्तर ०.५९, म्हणजे ०.७० च्या खाली, अडथळा उघड आहे. तोच माणूस तिसऱ्या सेकंदाला थांबला आणि एफव्हीसी २.३५ वर अडकली, तर गुणोत्तर ०.७३. मशीन छापतं: अडथळा नाही. एफईव्ही-१ बदललेला नाही, पेशंट तोच, फुप्फुस तेच. वेळेच्या आलेखात रेघ चढती असतानाच कापली गेलेली दिसते. हवी ती शेवटी आडवी झालेली रेघ: शेवटच्या सेकंदात २५ मिलिलिटरहून जास्त हवा निघायला नको, किंवा फुंकर पंधरा सेकंद चाललेली हवी.

पूर्ण श्वास न घेता फुंकली तर दोन्ही आकडे लहान येतात, गुणोत्तर ठीक राहतं आणि फुप्फुस आकसल्याचा भास होतो. प्रत्येक प्रयत्नात आकडे वेगवेगळे आले तर आधी हाच संशय घ्या. दबकत सुरुवात केली तर वेगाच्या आलेखाचं टोक गोल आणि उजवीकडे सरकलेलं दिसतं. ती फुंकर धरू नका. पहिल्या सेकंदात खोकला आला तर रेघेला दाते पडतात, एफईव्ही-१ निकामी. नंतर आलेला खोकला चालतो. ओठांच्या कडेने हवा गळत असेल तर रेघ नीट उभी राहत नाही. मध्येच नाकाने श्वास घेतला तर हवेच्या रेघेला अचानक पायरी दिसते आणि एफव्हीसी खोटी वाढते.

आपल्या भागात आणखी एक अडचण नेहमीची आहे. गुटखा-माव्याने ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांच्या दातांमध्ये गोल माउथपीस बसतच नाही. चाचणीआधी 'तोंड उघडा, किती बोटं जातात?' हे बघून घ्या. तीन बोटं जात नसतील तर चपटं, लहान माउथपीस वापरा आणि कडेने हवा गळते का याकडे लक्ष ठेवा. त्याच वेळी टॉर्चने गाल आणि जिभेच्या कडा पाहा. पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर तो रेफरल आजच लिहायचा, स्पायरोमेट्री मागे राहिली तरी चालेल.

पंप देऊन पुन्हा

गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं तर साल्ब्युटॅमॉल ४०० मायक्रोग्रॅम द्या: १०० चे चार फवारे, स्पेसरमधून, एकेक करून, मध्ये अर्धा मिनिट. दर फवाऱ्याला स्पेसरमधून संथ, खोल श्वास आणि थोडा वेळ रोखून धरणं. चारही फवारे एकदम स्पेसरमध्ये मारून 'घ्या ओढून' म्हटलं तर निम्मं औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. हात थरथरतील, छातीत धडधड होईल, हे आधी सांगा. मग पंधरा मिनिटं थांबा आणि तीन फुंकरी पुन्हा.

ही पंधरा मिनिटं पेशंट बाहेरच्या टपरीवर जाऊन एक पेटवून येतो. त्याला आत बसवा. विडीचा हिशोब, पहिली कधी ओढली, सोडायचा प्रयत्न कधी केला, का फसला, हे सगळं आत्ताच विचारायला वेळ आहे.

आधीची चाचणीच ०.७० च्या वर, नीट फुंकलेली आणि आलेखाला बाक नसलेली असेल, तर सीओपीडी नाकारायला एवढं पुरेसं आहे. निदान पक्कं करायला मात्र औषधानंतरचाच आकडा लागतो.

वाचायचं कसं

आधी आलेख, मग गुणोत्तर, मग एफईव्ही-१ चे टक्के, शेवटी एफव्हीसी. मशीनने खाली छापलेलं निदान सर्वांत शेवटी, किंवा नाहीच.

वरचाच पेशंट घ्या. तीन फुंकरी: एफव्हीसी २.९०, २.८४, २.६१ आणि एफईव्ही-१ १.७२, १.६८, १.६६. मोठ्या दोन एफव्हीसींत ६० मिलिलिटरचा फरक, एफईव्हींत ४० चा. चाचणी धरण्याजोगी. औषधानंतर सर्वोत्तम एफव्हीसी ३.०२, एफईव्ही-१ १.८३. गुणोत्तर ०.६१, म्हणजे ०.७० च्या खालीच. एफईव्ही-१ वाढला ११० मिलिलिटरने. जुन्या निकषाने १२ टक्के आणि २०० मिलिलिटर अशी दोन्ही वाढ हवी, २०२१ च्या नव्या निकषाने अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त. इथे दोन्ही नाही. अपेक्षित एफईव्ही-१ २.५० असेल तर हा माणूस ७३ टक्क्यांवर, म्हणजे मध्यम तीव्रतेचा. ८० आणि वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, ३० खाली अतितीव्र. एफईव्ही-१ खूप उसळून जवळजवळ नॉर्मलवर आला तर दम्याचा विचार आधी करा. विडी ओढणाऱ्यालाही दमा असतो.

०.७० ही सोयीची रेघ आहे. सत्तरीच्या पुढे वयानेच गुणोत्तर उतरतं, तिथे तंदुरुस्त म्हाताऱ्यावर सीओपीडीचा शिक्का बसू शकतो. चाळिशीच्या आत उलटं होतं, खरा अडथळा निसटतो. मशीन 'एलएलएन' म्हणजे नॉर्मलची खालची मर्यादा छापत असेल तर या दोन्ही वयांत तीही पाहा. आणि औषधानंतरचं गुणोत्तर ०.६० ते ०.८० मध्ये आलं तर एका चाचणीवर आयुष्यभराचं निदान लिहू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

गुणोत्तर ठीक पण एफव्हीसी कमी असेल तर ते पॅटर्न विडीने समजावून टाकू नका. फुंकर पूर्ण होती ना हे आधी बघा. मग फुप्फुस आकसवणारी इतर कारणं: लठ्ठपणा, जुन्या टीबीचे व्रण, खाणीतली धूळ आणि कबुतरांची घाण. सोसायटीच्या डक्टमध्ये कबुतरं आहेत का, गॅलरीत दाणे टाकता का, हे विचाराच. अशा पेशंटला छातीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

आकडा पेशंटच्या हातात देताना

ही चाचणी जिथे उपयोगाला येते ती जागा हीच. इंग्लंडच्या हार्टफर्डशायरमधल्या पाच जनरल प्रॅक्टिसमध्ये ३५ वर्षांवरच्या ५६१ ओढणाऱ्यांची स्पायरोमेट्री करून एका गटाला निकाल 'फुप्फुसाचं वय' म्हणून आलेखावर समजावला, दुसऱ्याला नुसता आकडा दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षाने पहिल्या गटातल्या १३.६ टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्यातल्या ६.४. महत्त्वाचं म्हणजे, ज्यांचं फुप्फुस चांगलं निघालं त्यांनीही तितक्याच प्रमाणात सोडली. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला तरी बोलणं वाया जात नाही.

मात्र मशीनवरचं 'फुप्फुसाचं वय' आपल्याकडे जसंच्या तसं सांगू नका. ते सूत्र अमेरिकी लोकांवरचं आहे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या आपल्या ५२ वर्षांच्या पुरुषाचा एफईव्ही-१ २.७५ लिटर असला तरी सूत्र वय ६१ सांगतं. पेशंटला खोटं घाबरवून मिळालेला निश्चय पहिल्या 'दुसऱ्या डॉक्टरांनी नॉर्मल सांगितलं'पाशी मोडतो. त्यापेक्षा त्याचा आलेख आणि अपेक्षित आलेख शेजारी ठेवा, बोटाने फरक दाखवा आणि म्हणा, 'गेलेलं परत येणार नाही. पण आज थांबवलंत तर उतार मंद होतो.' याला पुरावा भक्कम आहे. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीत अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात सोडलेल्या पुरुषांचा एफईव्ही-१ वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने उतरला, ओढत राहिलेल्यांचा ६६ ने. बायकांमध्ये २२ आणि ५४.

नॉर्मल रिपोर्टवर पेनाने लिहा: 'श्वासनलिकेत आज अडथळा नाही. कॅन्सर आणि हृदयविकाराचा धोका यात मोजलेला नाही.' हे वाक्य तोंडी सांगून भागत नाही, घरी रिपोर्ट बायको-मुलं वाचतात.

सोडायची तारीख तिथेच ठरवा. तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे आणि नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पाकीट काढायला लावून दाखवा. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटवणाऱ्याला निकोटिन गम ४ मिलिग्रॅमचा, बाकीच्यांना २ चा. चघळत बसायचं नाही: चरचर लागेपर्यंत चावायचा, मग गालात ठेवून द्यायचा, चरचर गेली की पुन्हा. आधी पंधरा मिनिटं चहा नको. तोंड न उघडणाऱ्याला गम जमत नाही, त्याला निकोटिनचा पॅच. व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन द्यायचं तर फिटचा आणि मानसिक आजाराचा इतिहास विचारून. सिगारेट सोडून मिश्री किंवा गुटखा सुरू झाला नाही ना, हे पुढच्या प्रत्येक भेटीत विचारा.

पुढे पाठवायचं कधी, पुन्हा करायची कधी

एफईव्ही-१ ५० टक्क्यांखाली, ऑक्सिजन बसल्या जागी ९२ किंवा कमी, चाळिशीच्या आत अडथळा, थुंकीत रक्त, वजनात घट किंवा बोटांची टोकं फुगलेली. हे सगळे छातीरोग विभागाकडे. फुगलेली बोटं सीओपीडीने होत नाहीत, तिथे कॅन्सर शोधायचा असतो. खिशाला खाजगी झेपत नसेल तर ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. चिठ्ठीसोबत आलेखाची प्रत द्या, नुसते आकडे नकोत. सीओपीडी ठरलेल्या प्रत्येकाचा एक एक्स-रे काढा, फ्लू आणि न्यूमोनियाची लस सुचवा, आणि 'पंपाची सवय लागते' ही भीती त्याच दिवशी काढा, नाहीतर पंप कपाटातच राहतो.

सीओपीडी असेल तर वर्षातून एकदा, त्याच मशीनवर, त्याच समीकरणाने. नॉर्मल येऊनही ओढत राहिलेल्याला लक्षणं वाढली की पुन्हा बोलवा. अनेक मशीन थर्मल कागदावर छापतात आणि फाइलमध्ये ती छपाई वर्ष-दोन वर्षांत पुसट होते. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा फोटो घेऊन पेशंटच्या नावाने सेव्ह करा. मागच्या वर्षीचा एफईव्ही-१ हाताशी नसेल तर यंदाच्या आकड्यावरून उतार किती झाला ते कळणार नाही.